बाहेर बसण्याचे दिवस

तुमच्या दिवाळी अंकात शेवटी पाककृतींची पानं असतात. अनारसे, चिरोटे, कडबोळी. त्याच अंकात माझं लिखाण घालणार म्हणता, तर घाला. पण मी आयुष्यभर बायकांच्या ताटातलं काढून घेण्याचं काम केलं, हे आधीच सांगून ठेवते.

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. पुढचं सगळं कानडी बाजारात आणि दवाखान्यात शिकले. हुबळीत तेव्हा बायकांसाठी एक दवाखाना होता. तिथे मी आधी आया म्हणून लागले, मग दाईचं काम शिकले. बाळंतपणं किती केली ते विचारू नका, मोजली नाहीत. आणि बाळंतपणाच्या गोष्टी सगळ्याच दाया सांगतात. मला सांगायचं आहे ते ज्यांच्या नशिबी बाळंतपण येत नव्हतं त्यांचं.

अशा बायका दवाखान्याच्या मागल्या दाराने यायच्या. बहुतेक सासूबरोबर. पाळी दोन-दोन, चार-चार महिने यायचीच नाही. अंग सुटलेलं, त्यातही पोट जास्त. मानेवर काळपट वळी, तोंडावर पुटकुळ्या. हनुवटीवर राठ केस असायचे, ते चिमट्याने उपटून त्यावर पदर ओढलेला. तपासताना पदर धरून ठेवणारी बाई आली की मला लगेच कळायचं. आता या दुखण्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. माझ्या नातसुनेला तेच झालं आहे, तिने दोनदा सांगितलं, पण माझ्या तोंडात बसत नाही. तेव्हा दवाखान्यात त्याला नाव नव्हतं. घरात होतं. घरात वांझ म्हणायचे.

आमच्या डॉक्टरीणबाई लोहाची बाटली द्यायच्या आणि सासू बाहेर गेली की मला म्हणायच्या, "याचं मला नीट कळत नाही." मोठी बाई. कळत नाही असं म्हणणारा डॉक्टर मी त्यानंतर फारसा पाहिला नाही.

मला त्यातलं थोडं कळलं ते एका गवळणीमुळे. ती दवाखान्यात दूध घालायची. एकदा अशीच एक गुबगुबीत सून बाकावर बसली होती. तिच्याकडे बघून गवळण मला कानडीत म्हणाली, "अक्का, हिला पेंड कमी करा."

"काय बोलतेस? माणूस आहे ती."

"म्हशीचंही तेच असतं. गोठ्यात बांधून नुसती सरकी-पेंड घातली की चरबी चढते आणि गाभण राहत नाही. मग आम्ही पेंड कमी करतो आणि रानात सोडतो. हिंडली की येते माजावर."

मी हसले, पण डोक्यातून जाईना. मग बघायला लागले. शेतात राबणाऱ्या, भाकरी खाणाऱ्या बायकांत हे दुखणं क्वचित. पेठेतल्या, खात्यापित्या घरच्या, जिना उतरायचा तर विचारून उतरणाऱ्या सुनांत जास्त. मी सांगायला लागले. तांदूळ आणि तुपातल्या पोळ्या कमी करा, जोंधळ्याची भाकरी खा. दोन्ही वेळा पालेभाजी, पुंडीची म्हणजे अंबाडीची, मेथीची, राजगिऱ्याची. उसळ हवी. ताक लोणी काढलेलं. गूळ-साखर सणाला. दिवे लागायच्या आत जेवण, दुपारी झोप नाही, आणि चालणं.

सगळ्यांना गुण आला असं म्हणणार नाही. एका मास्तरांची बायको होती, काडीसारखी. तिचीही पाळी अशीच चुकायची. मी तिचंही खाणं तोडलं. दोन महिन्यांत ती उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाई मला सगळ्यांसमोर बोलल्या, आणि ते बरोबर होतं. मी एक गोष्ट शिकले होते आणि ती सगळीकडे लावत सुटले होते. त्या बाईची मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

बरं, खाण्याचं एक वेळ ऐकायच्या, चालण्याचं कोण ऐकणार? पेठेतली सून रोज सकाळी रस्त्याने नुसती चालते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? म्हणून मी एक युक्ती काढली. मी नवस सांगायला लागले. हुबळीच्या पेठेपासून उणकलचं जुनं दगडी देऊळ दोन-अडीच मैलांवर आहे. तिथे रोज पायी जायचं, वाहन करायचं नाही, अकरा प्रदक्षिणा घालायच्या आणि तिथेच बसून माझी पुडी पाण्याबरोबर घ्यायची. पुडीत काय, तर भाजून कुटलेली मेथी. घरोघरी फडताळात असते ती. पण दवाखान्यातल्या बाईने कागदात बांधून दिली की तिचं औषध होतं, आणि देवळाला जायचं म्हटलं की चालणं उरत नाही. खोटं बोलले. मला त्याचं काही वाटलं नाही.

आता इंदूचं सांगते.

इंदू अळणावरची. तिचे वडील लाकडाच्या वखारीत कारकून होते. माहेरी ही पाणी भरायची, जातं ओढायची, झाडावर चढायची. लग्न होऊन आली हुबळीच्या कापड पेठेत, कोल्हापूरकडून आलेल्या जुन्या दुकानदाराच्या घरात. घर चांगलं. सासू गोदाक्का बोलायला तिखट, पण सुनेला उपाशी ठेवणारी नव्हे. उलटच. तिथेच तर घोटाळा झाला.

तेव्हा घरोघर पाळी आली की बाई तीन दिवस बाहेर बसायची. आमच्याकडे कानडीत 'होरगे' म्हणतात, म्हणजे बाहेर. मागच्या पडवीत वेगळं पांघरूण, वेगळं ताट. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात. त्यामुळे कुठली सून कधी बाहेर बसली हे सासऱ्यापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांना माहीत. आणि कधी नाही बसली, तेही.

इंदू लग्नानंतर दोन महिने बाहेर बसली नाही. झालं! गोदाक्काने तिला जागची हलू दिली नाही. जातं बंद, पाणी बंद, जिना बंद. सकाळी तुपातला शिरा, दुपारी खीर, धारवाडहून पेढे. चौथ्या महिन्यात रक्त गेलं. घरातले म्हणाले, पडलं. मग पडलं म्हणून अशक्तपणासाठी डिंकाचे लाडू. पुढे तीन महिने पाळी नाही, की पुन्हा शिरा आणि पेढे. असं चार वर्षांत तीनदा झालं. पडलं काहीच नव्हतं, कारण राहिलंच नव्हतं. चुकलेली पाळी म्हणजे पोटातलं मूल, असं धरून ते घर तिला खाऊ घालत होतं. त्या खाण्याने पाळी आणखी चुकत होती आणि पुन्हा मूल समजून आणखी खाऊ घालत होते.

संक्रांतीनंतर गोदाक्का तिला घेऊन दवाखान्यात आली. इंदू बाकावर बसली ती बाकभर. पदर हनुवटीवर धरलेला.

"हिच्या अंगात मूल टिकत नाही," गोदाक्का म्हणाली. "तुळशीच्या लग्नापर्यंत बघणार. नंतर आमच्या बाळण्णाला दुसरी करणार. गदगला मुलगी सांगून आली आहे."

बाळण्णा म्हणजे इंदूचा नवरा. तेव्हा दुसरी बायको करायला कायद्याची आडकाठी नव्हती, सासूने ठरवलं की पुरे. इंदू मान खाली घालून ऐकत होती. म्हणजे आमच्या हातात दहा महिने होते.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मी गोदाक्काला बाजूला घेतलं आणि गवळणीची म्हैस सांगितली. तिथे चुकले.

"म्हणजे माझी सून म्हैस?"

"असं म्हटलं नाही मी."

"मग काय म्हटलंस? आणि भाकरी? सुनेला भाकरीवर ठेवली म्हणून पेठेत माझं नाव होईल!"

मग मी उणकलचा नवस काढला. देवाचं नाव ऐकल्यावर गोदाक्का जरा बसली. भाकरीही नवसातच घातली मी. देवाला तांदूळ सोडायचा, गोड सोडायचं. जोंधळा स्वतः दळायचा. "फळ मिळेपर्यंत," मी म्हटलं.

"सोबत कोण?"

"मी." मला दवाखान्यात नऊला जायचं असे. पहाटे निघालो तर जमत होतं.

पहिल्या दिवशी इंदू अर्ध्या वाटेत रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली आणि रडली. मी म्हटलं, "रड, पण चालता चालता रड. मला कामावर जायचं आहे." तिला राग आला आणि रागाने ती देवळापर्यंत पोचली. पुढे मी हाच उपाय बरेचदा केला. दोन महिन्यांनी ती माझ्यापुढे चालायला लागली, आणि बोलायलाही लागली. अळणावरच्या रानातल्या गोष्टी, सासूच्या नकला. गोदाक्का देवापुढे बसून जप करता करता स्वयंपाकघरातल्या कढईवर कशी ओरडते, ते ती असं करून दाखवायची की प्रदक्षिणा मध्येच थांबायची. नवऱ्याचं मात्र कधी बोलली नाही. एकदा मी विचारलं, "बाळण्णा कसे आहेत?"

"चांगले आहेत," ती म्हणाली. "आईसमोर काही बोलत नाहीत."

"आणि तुझ्यासमोर?"

"माझ्यासमोरही बोलत नाहीत."

उन्हाळ्यात तिची जाकिटं सैल झाली. ज्येष्ठात पाळी आली, न बोलावता, पडलं-बिडलं काही नाही, नुसती पाळी. मग चाळीस दिवसांनी. श्रावणापासून दर महिन्याला, ठरल्यासारखी. बाहेर बसलेल्या बाईला देवळात जाता येत नाही, म्हणून महिन्यातले चार दिवस माझी पहाट मोकळी जायची. त्या मोकळ्या पहाटेवरून मी मनात खूण करायची. मला फार बरं वाटलं होतं. कोणाची पाळी आली म्हणून एवढा आनंद झालेली हुबळीत मी एकटीच असेन.

कारण गोदाक्काला झाला नव्हता. गणपतीत ती मला बाजारात भेटली ती तोंड फिरवूनच.

"चांगलं औषध दिलंस! आधी निदान तीन-चार महिने आशा असायची. आता दर महिन्याला पडवीत दिसते. सगळं घर बघतं."

"अहो, पाळी वेळेवर आली तर मूल राहील. जमीन आता कुठे तयार झाली."

"जमीन तुझी, म्हैस तुझी. मला नातवंड दाखव."

मी वरमले. खरंच, माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. माझ्या लेखी जी सुधारणा, ती त्या घरात दर महिन्याला जाहीर होणारी हार होती. इंदूला पडवीत बसून ते ऐकावं लागत होतं. पडवीत बसलेल्या बाईजवळ कोणी जात नाही, पण तिला ऐकू सगळं जातं.

नवरात्रात ती बाहेर बसली, आणि घरात देवी बसलेली. सगळे चिडले. सणाच्या तोंडावर हिला आत्ताच सुचलं म्हणून. न्हाऊन ती पुन्हा यायला लागली. त्यानंतर तिचं चालणं मंदावलं. सातव्या प्रदक्षिणेला पायरीवर बसायची. एकदा पुडी तोंडात टाकली आणि थुंकली.

मी तिला धरलं. "चोरून काय खातेस? पेढे?"

"नाही, अक्का."

"मग दम का लागतो? अंग पुन्हा सुटायला लागलंय तुझं, मला दिसत नाही का? तुळशीचं लग्न तोंडावर आलंय आणि तू आता ढिलाई करतेस?"

तिने पदराने तोंड पुसलं.

"आजपासून तेरा प्रदक्षिणा," मी म्हटलं.

तिने तेरा घातल्या. रोज घातल्या, दिवाळीपर्यंत.

दिवाळी झाली आणि ती पुन्हा बाहेर बसली. चार दिवस माझी पहाट मोकळी. मला कळलं होतं की त्याच दिवसांत बाळण्णा वडिलांबरोबर गदगला मुलगी बघायला गेले. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, आपण हरलो. पाचव्या दिवशी पहाटे मला वाटलं नव्हतं, पण इंदू नाक्यावर उभी होती.

सावकाश चालत उणकलला पोचलो. देवळाच्या पायरीवर बसली.

"आज प्रदक्षिणा नाही, अक्का."

"का?"

"मी खोटी बसले होते."

मला समजेना. तेव्हाच्या बायका उलटं करायच्या. पाळी आलेली लपवायच्या, लग्नाकार्यात काम अडू नये म्हणून. न आलेली आली म्हणून कोणी पडवीत जाऊन बसल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"या वेळी?"

"नवरात्रातही."

मी बोटांवर मोजलं. भाद्रपदातली शेवटची. सव्वादोन महिने झाले होते. मला तेरा प्रदक्षिणा आठवल्या आणि मी तिच्या शेजारी खाली बसले.

"अगं, मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, चुकली म्हणजे राहिलं असं नाही. मला तरी काय माहीत? पुन्हा जुनं दुखणं असेल तर? घरी सांगितलं असतं की पुन्हा शिरा, पुन्हा पेढे, आणि चौथ्या महिन्यात पुन्हा पडलं. मग माझं कोण ऐकणार? पडवीत बसले की तीन दिवस कोणी काही खायला आग्रह करत नाही."

"आणि गदगची मुलगी बघायला निघाले तेव्हा? तेव्हा तरी बोलायचं!"

ती पुडीच्या रिकाम्या कागदाची घडी घालत होती. "तेव्हा मला बघायचं होतं ते काय म्हणतात."

"बाळण्णा?"

"परवा परत आले. सासूबाईंनी विचारलं, मुलगी कशी आहे? मी पडवीतच होते, दाराच्या पलीकडे. त्यांना माहीत होतं मी तिथे आहे." तिने घडी पुन्हा उलगडली. "म्हणाले, बरी आहे."

मला बाळंतपण करता येतं, हे येत नाही. मी तिला उठवलं आणि टांगा करून सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हात धुता धुता हसल्या. त्यांना मी कामात हसताना फारसं पाहिलं नव्हतं.

दवाखान्यातून मी तिच्याबरोबर घरी गेले. गोदाक्का वाती वळत होती. मी सांगितलं.

"वेड लागलंय का तुला?" ती म्हणाली. "काल डोक्यावरून न्हाली ती. मीच पाणी दिलं."

"मी खोटी बसले होते, सासूबाई," इंदू म्हणाली.

"खोटी?"

"नवरात्रातही."

"देवीच्या दिवसांत खोटं बसलीस? अय्यो, विटाळ नसताना?"

"विटाळ नव्हता तर देवीला काय झालं?" मी म्हटलं. "चार दिवस भांडी तुम्हाला घासावी लागली, एवढंच."

गोदाक्काने वाती खाली ठेवल्या. माझ्याकडे पाहिलं, सुनेच्या पोटाकडे पाहिलं, आणि बोटांची पेरं मोजायला लागली. दोनदा मोजली. मग एकदम रडायला लागली, आणि रडता रडताच उठून तुपाचा डबा काढायला निघाली. मी तिचा हात धरला. "डबा ठेवा. भाकरीच द्या. नवस फळ मिळेपर्यंतचा आहे, फळ अजून हातात आलेलं नाही." तिने ऐकलं. देवाचं नाव होतं ना.

तेवढ्यात बाळण्णा जेवायला आले. गोदाक्काने दारातच सांगितलं आणि म्हणाली, "गदगला आजच निरोप पाठव. नको म्हणून."

बाळण्णा उभे राहिले. चांगला माणूस होता, गोरा, मऊ बोलणारा. चेहरा एकदम मोकळा झाला. इंदूकडे बघून म्हणाले, "मी नकोच म्हणणार होतो."

इंदू त्यांच्याकडे बघत राहिली. फार वेळ नव्हे. मग तिने पाट मांडला.

"बसा," ती म्हणाली. "भाकरी गरम आहे."

मुलगी झाली. बाळंतपण मीच केलं. गोदाक्काने मला इरकल लुगडं नेसवलं आणि पेठेत सगळ्यांना सांगितलं की उणकलच्या देवाने दिली. मी गप्प राहिले. माझ्याकडे त्यानंतर इतक्या सासवा आल्या की पहाटे त्या रस्त्याने सुनांची रांग लागायची. काहींना गुण आला, काहींना नाही आला. मात्र पुढे कोणी दमले म्हणाली की मी आधी विचारायची, मग बोलायची.

बऱ्याच वर्षांनी, दवाखाना सोडल्यावर, मी उणकलला एका ओळखीच्या बाईकडे गेले होते. पहाटेची वेळ. देवळापाशी एक बाई भराभर प्रदक्षिणा घालत होती, केस अर्धे पांढरे. इंदू. तिच्या मुलीचं लग्न झालेलं मला माहीत होतं. मागून एक मुलगाही झाला होता.

"अगं, अजून येतेस? आता कशाला?"

तिने प्रदक्षिणा पुरी केली, मग माझ्याजवळ येऊन पाया पडली. दम लागलेला नव्हता.

"नवस अजून फिटला नाही," ती म्हणाली. "घरी तसंच सांगितलंय."